खराब हवामान सगळ्यांना सारखे करते काय?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात शिरला, की दर शनिवारी एक वाक्य ऐकू येते: हवा बिघडली, आता दोघेही सारखेच. समालोचक ते म्हणतात, निवृत्त प्रशिक्षक म्हणतात, आणि कोलंबसला किंवा अ‍ॅन आर्बरला शिकायला गेलेली आपली मराठी मुलेही ते उचलतात. या एका वाक्यात चार समजुती आहेत. पावसात आणि बर्फात गुण कमी होतात. चेंडू फेकण्याचा खेळ संपतो आणि चेंडू घेऊन पळण्याचा तेवढा उरतो. दक्षिणेकडच्या उबदार राज्यांतले संघ गारठून हरतात. आणि या सगळ्यांचा निष्कर्ष म्हणून बलाढ्य आणि दुबळा यांच्यातला फरक पुसला जातो. ही चौथी समजूत लोकांची सर्वांत लाडकी, कारण तिच्यात निसर्गाने न्याय केल्याचे समाधान आहे. माझ्या मते चारांतली सर्वांत चुकीचीही तीच आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लांबट चेंडू, अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. अशा एका प्रयत्नाला डाउन म्हणतात. सेंटर नावाचा खेळाडू पायांमधून चेंडू मागे देतो, तो स्नॅप. क्वार्टरबॅक तो घेऊन फेकतो (ती फेक म्हणजे पास) किंवा पळणाऱ्याच्या हाती देतो. दहा यार्ड जमणार नाहीत असे दिसले, की चौथ्या डाउनला चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकतात, तो पंट. चेंडू गोलरेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण आणि वर एका गुणाची लाथ; एरवी गोलखांबांमधून लाथेने चेंडू मारला तर तीन.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळाने मांडला पाहिजे, आणि त्याचे बळ थोडे नाही. 25 नोव्हेंबर 1950 रोजी कोलंबसला ओहायो स्टेट आणि मिशिगन हे जुने वैरी समोरासमोर आले, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व भागावर त्या शतकातल्या भयंकर वादळांपैकी एक घोंघावत होते. पारा उणे बारा अंश सेल्सिअसच्या आसपास, वारा सोसाट्याचा, आणि मैदानावरच्या रेषा सतत बर्फाखाली जात होत्या. तरी 50,000 वर माणसे बघायला आली. मिशिगनने नऊ पास टाकले, एकही पूर्ण झाला नाही. संपूर्ण सामन्यात त्यांना एकदाही चार प्रयत्नांत दहा यार्ड गाठता आले नाहीत. सगळी मिळून त्यांची मजल 27 यार्ड. दोन्ही संघांनी मिळून 45 पंट मारले. आणि जिंकले कोण? मिशिगन, 9-3 असे. सामन्याआधी मिशिगनचा हिशेब चार विजय, तीन पराभव, एक बरोबरी असा होता. ओहायो स्टेट देशातल्या पहिल्या दहांत होते आणि त्यांच्याकडे व्हिक जॅनोविच होता, ज्याला त्याच वर्षी हाइझमन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च वैयक्तिक मान, मिळाला.

त्याही आधी, 11 नोव्हेंबर 1939 रोजी, लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला मुसळधार पावसात टेक्सस टेक आणि सेंटेनरी यांचा सामना झाला. निकाल 0-0. दोन्ही बाजूंनी मिळून 77 पंट. हे दोन सामने समोर ठेवले, की समज सिद्ध झाल्यासारखाच वाटतो. गुण नाहीत, फेक नाही, आणि कमी लेखलेला संघ जिंकलेला.

आता त्याच श्रीव्हपोर्टला 31 डिसेंबर 2000 रोजी काय झाले ते पाहा. इंडिपेन्डन्स बोल नावाचा हंगामानंतरचा सामना. एका बाजूला मिसिसिपी स्टेट, दुसऱ्या बाजूला टेक्सस ए अँड एम. दोन्ही विद्यापीठे दक्षिणेतली. त्यांच्या मुलांना बर्फात खेळण्याची सवय असण्याचे काही कारण नव्हते. आणि त्या रात्री श्रीव्हपोर्टला बर्फ असा पडला, की मैदानाचा हिरवा रंग दिसेनासा झाला. समजुतीप्रमाणे हा सामना 3-0 वर संपायला हवा होता. नियमित वेळ संपली तेव्हा गुणफलक 35-35 होता. ए अँड एमच्या जा'मार टूम्ब्सने एकट्याने 193 यार्ड पळून काढले. जादा वेळेत ए अँड एमने टचडाउन केले, पण त्यापुढच्या एका गुणाची लाथ मिसिसिपी स्टेटने अडवली, आणि अडवलेला चेंडू उचलून थेट दुसऱ्या टोकाला नेऊन दोन गुण मिळवले. मग त्यांचा क्वार्टरबॅक वेन मॅडकिन स्वतः चेंडू घेऊन आत शिरला आणि सामना 43-41 असा संपला. एकूण 84 गुण. म्हणजे एकाच गावात पावसात शून्य आणि बर्फात चौऱ्याऐंशी. वाईट हवामानाने गुण कमी होतात हा नियम असेल, तर या दोन सामन्यांना तो एकदम कसा लागू करायचा, हे पूर्वपक्षाने सांगावे.

यावर उत्तर येईल, की 2000 हा अपवाद. ठीक आहे; मग 1939 कडेच बारकाईने पाहू. त्या 77 पंटांपैकी 67 पहिल्याच डाउनला मारलेले होते. तीन प्रयत्न हाताशी असताना, एकही न वापरता, चेंडू प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकलेला. हे पावसाने केले नाही. हा निर्णय होता, आणि त्या काळच्या विचारानुसार शहाणपणाचा होता: निसरडा चेंडू आपल्या हातात ठेवण्यापेक्षा तो दुसऱ्याच्या गोलरेषेजवळ पाठवावा, त्याच्या हातून सुटला तर आपला फायदा. दोन्ही प्रशिक्षकांनी तोच विचार केला आणि दिवसभर एकमेकांना चेंडू बहाल करत राहिले. 0-0 हा निकाल ढगांमधून पडला नाही, तो दोन माणसांच्या एकसारख्या सावधपणातून निघाला. तेव्हाचे मैदान साध्या गवताचे, निचरा बेताचा, आणि तेव्हा जादा वेळेची पद्धत नव्हती म्हणून बरोबरी तशीच राहिली. आज बहुतेक मोठ्या विद्यापीठांच्या मैदानांचा निचरा उत्तम असतो, अनेक ठिकाणी कृत्रिम गवत असते, आणि दोन डाउनच्या मधल्या वेळात कोरडा चेंडू आत येतो. चिखलाच्या युगातला पुरावा घेऊन आजच्या सामन्याचे भाकीत करणे म्हणजे जुन्या नकाशावरून नव्या शहरात घर शोधणे.

1950 चा सामना याहून बोलका आहे, आणि मला तो पूर्वपक्षाचा नव्हे, माझाच साक्षीदार वाटतो. त्या दिवशी झालेल्या बाराही गुणांचा उगम एकाच गोष्टीत आहे: अडवलेला पंट. ओहायो स्टेटने मिशिगनचा पंट अडवला, चेंडू गोलरेषेजवळ हाती लागला, आणि त्यातून जॅनोविचने तीन गुणांची लाथ मारली. वाऱ्यात आणि उडत्या बर्फात मारलेली ती लाथ त्या सामन्यातली सर्वांत थोर कामगिरी होती असे मी मानतो. मिशिगनने एक पंट अडवून दोन गुण मिळवले. आणि मध्यंतराला 47 सेकंद उरले असताना मिशिगनच्या टोनी मॉम्सनने जॅनोविचचा पंट अडवला आणि गोलरेषेपलीकडे चेंडूवर झेप घेऊन टचडाउन केले. (त्याचा सख्खा भाऊ बॉब मॉम्सन समोरच्या संघात होता.) तो पंट तिसऱ्या डाउनला मारलेला होता. घड्याळ संपवून मध्यंतर गाठण्याचा मार्ग ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वेस फेस्लर यांच्यासमोर मोकळा होता. त्यांनी तो घेतला नाही. पुढचे कित्येक आठवडे ओहायोत लोक त्या एका निर्णयाबद्दल बोलत राहिले. फेस्लर यांनी महिन्याभरात राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी वुडी हेज आले. लोकांना तेव्हाच कळले होते, की सामना बर्फाने घालवलेला नाही. आठवणीत मात्र बर्फच राहिला.

यातून निघणारा मुद्दा माझ्या मांडणीचा गाभा आहे. वाईट हवामान खेळाडूंना सारखे करत नाही. ते सामन्याचे केंद्र हलवते. ज्या गोष्टी एरवी कोणी बघत नाही त्यांच्यावर, म्हणजे सेंटरचा स्नॅप, पंटरचे पाऊल, पंट अडवायला धावणाऱ्यांची शिस्त, ओला चेंडू छातीशी धरण्याची सवय, यांच्यावर निकाल येऊन पडतो. ज्या संघाने या गोष्टींचा सराव केलेला असतो तो जिंकतो. त्याला दुबळा म्हणणे म्हणजे फक्त कोरड्या दिवसाच्या फूटपट्टीने मोजणे.

8 ऑक्टोबर 2016 रोजी उत्तर कॅरोलायनात राली येथे मॅथ्यू चक्रीवादळाच्या पावसात नोटर डेम आणि एनसी स्टेट खेळले. मैदानावर डबकी होती. नोटर डेमचा क्वार्टरबॅक डिशोन काइझर याने त्या पावसात 26 पास टाकले. पूर्ण झाले नऊ, यार्ड मिळाले 54. एनसी स्टेटने पळण्यावर भर दिला आणि मॅथ्यू डेझने शंभराहून अधिक यार्ड काढले. सामन्यातले एकमेव टचडाउन कशातून आले? पुन्हा अडवलेल्या पंटातून. निकाल 10-3. दोघांवर एकच पाऊस पडत होता. एका बाजूने दिवस ओळखला, दुसरी आपली नेहमीची वही उघडून बसली. इथे फरक पुसला गेला नाही, उघडा पडला.

फेकीच्या खेळाबद्दलची समजूत थोडी निराळी आहे, कारण तिच्यात तथ्य आहे. फक्त आरोपी चुकीचा पकडला आहे. पाऊस आणि बर्फ टीव्हीवर दिसतात, वारा दिसत नाही. गोलखांबांच्या टोकाला बांधलेल्या फिती सोडल्या तर कॅमेऱ्याला वाऱ्याचा पत्ता लागत नाही. पण चेंडूला लागतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 किलोमीटरने सुटलेल्या चेंडूसमोर ताशी 40 किलोमीटरचा वारा आला, तर चेंडूच्या दृष्टीने हवेचा वेग 120 होतो आणि विरोध सव्वादोन पट. तोच वारा पाठीमागून असेल तर विरोध चौथाईवर येतो. एकाच मैदानावर, एकाच मिनिटाला, दोन दिशांमध्ये नऊ पटींचा फरक! पावसाला किंवा बर्फाला असे काही जमत नाही. म्हणूनच जाणते प्रशिक्षक नाणेफेकीच्या वेळी वाऱ्याकडे बघतात, आणि म्हणूनच सामन्याच्या चार भागांपैकी पहिल्या व तिसऱ्या भागानंतर संघ बाजू बदलतात. मैदानात जो काही समतोल आहे तो या नियमाने आणलेला आहे, आभाळाने नाही.

थंडीचेही तसेच. नियमाप्रमाणे चेंडूतला दाब 12.5 ते 13.5 पीएसआय असावा लागतो. 21 अंश सेल्सिअसच्या खोलीत 13 वर भरलेला चेंडू उणे सात अंशांच्या मैदानावर नेला, तर वायूच्या साध्या नियमाने दाब साडेदहाच्या खाली उतरतो. गोठणबिंदूवरची हवा 35 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे तेरा टक्के दाट असते. मऊ चेंडू आणि दाट हवा, म्हणजे लाथ आखूड पडणार. याचा फटका सर्वांत आधी किकरला बसतो, क्वार्टरबॅकला नंतर.

निसरड्या जमिनीबद्दल तर समज अगदी उलटा आहे. लोक मानतात, पाय घसरतो म्हणजे चेंडू घेऊन पळणारा अडतो. पण पळणाऱ्याला आपण कुठे वळणार हे आधीपासून ठाऊक असते. ते फक्त त्याला पकडणाऱ्याला ठाऊक नसते. तो वळण बघून वळतो, आणि बर्फावर तो अर्ध्या पावलाचा उशीर त्याला महागात पडतो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये 8 डिसेंबर 2013 रोजी फिलाडेल्फियात घोट्यापर्यंत बर्फ साचलेला असताना लशॉन मकॉय 217 यार्ड पळाला आणि त्याचा संघ ईगल्स 34-20 असा जिंकला. त्याच शहरात 9 डिसेंबर 2017 ला आर्मी-नेव्ही सामन्यात बर्फ पडत असताना नेव्हीच्या माल्कम पेरीने 250 यार्ड काढले. त्या सामन्यात आर्मीने एकच पास टाकला, आणि बघणाऱ्यांनी त्याचे श्रेय बर्फाला दिले. खरे तर या दोन्ही सैनिकी अकादम्या कोरड्या दिवशीही जवळजवळ सगळा खेळ पळूनच खेळत असत. सामना आर्मीने 14-13 असा जिंकला. नेव्हीची शेवटच्या क्षणी मारलेली 48 यार्डांची लाथ हुकली. पण ती इतक्या लांबून मारावी लागली, ती स्नॅपआधी हालचाल केल्याच्या दोन दंडांमुळे.

आता एक उदाहरण, जे वरवर माझ्याच वाऱ्याच्या मुद्द्याविरुद्ध जाते. 23 नोव्हेंबर 1984, मायामी. बॉस्टन कॉलेज उत्तरेकडून आलेले, मायामी आदल्या वर्षीचे राष्ट्रीय विजेते. दिवस पावसाळी आणि वादळी. डग फ्लूटीने 472 यार्डांचे पास टाकले, मायामीच्या बर्नी कोझारने 447. शेवटच्या काही सेकंदांत फ्लूटीने जोरदार वाऱ्याविरुद्ध साठाहून अधिक यार्ड हवेतून चेंडू धाडला आणि जेरार्ड फेलनने तो गोलरेषेपलीकडे झेलला: 47-45. मायामीचे बचावपटू फेलनच्या पुढे, गोलरेषेवर उभे होते. पाच फूट दहा इंचांचा हा मुलगा या वाऱ्यात इथवर फेकू शकणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. वारा फेक महाग करतो हे खरेच. पण ज्याच्या हातात ती ताकद आहे त्याची किंमत त्याच प्रमाणात वाढते. म्हणजे वाईट हवामान कुशल आणि अकुशल यांच्यातले अंतर मिटवण्याऐवजी अनेकदा वाढवते. मायामीच्या त्या मुलांना पराभव फ्लूटीने दिला, तितकाच प्रचलित समजानेही दिला.

पूर्वपक्षाला एक गोष्ट द्यायलाच हवी. गुण मिळवण्याच्या संधी कमी झाल्या, की चांगल्या संघाला आपले वरचढपण सिद्ध करायला पुरेसे प्रयत्न मिळत नाहीत, आणि योगायोगाचा वाटा वाढतो. हे शुद्ध गणित आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. पण संधी कमी होतात त्या प्रशिक्षक खेळ आखडता घेतात म्हणून. श्रीव्हपोर्टला 2000 साली त्यांनी तो आखडला नाही, तर संधींना तोटा पडला नाही. आणि स्मृतीचाही दोष आहेच. पावसात रखडत खेळून 31-17 असे संपलेले सामने कोणाच्या आठवणीत राहत नाहीत. 45 पंटांचा सामना पाऊणशे वर्षे सांगितला जातो. आपण आठवणींची सरासरी काढतो आणि तिला नियम म्हणतो.

विजेचा प्रश्न वेगळा, आणि तिथे खेळाने निसर्गापुढे योग्य प्रकारे मान तुकवली आहे. ठरावीक अंतराच्या आत वीज पडली की सामना थांबतो, आणि शेवटच्या विजेनंतर 30 मिनिटे गेल्याशिवाय सुरू होत नाही. 3 सप्टेंबर 2011 रोजी साउथ बेंडला नोटर डेम आणि साउथ फ्लोरिडा यांचा सामना दोनदा थांबून जवळजवळ सहा तास चालला. त्याच दिवशी अ‍ॅन आर्बरला मिशिगनचा सामना तिसऱ्या भागातच 34-10 वर संपवावा लागला. क्रिकेटमध्ये पावसाने षटके गेली तर डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धतीने लक्ष्य नव्याने मांडतात. इथे तशी सोय नाही, आणि प्राण वाचत असतील तर नसली तरी चालेल.

या सगळ्या चर्चेचा मला सर्वांत मोठा दोष वाटतो तो हा, की तिने 'खराब हवामान' या शब्दांत बर्फ, पाऊस, थंडी घातली आणि ऊन वगळले. कॉलेजांचा सराव ऑगस्टच्या कडक उन्हात सुरू होतो. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, अंगावर घट्ट कपडे. घाम वाळायला जागा नाही. शरीराचे आतले तापमान 40 अंशांच्या वर गेले आणि मुलगा बरळू लागला किंवा कोसळला, तर पुढची काही मिनिटे निर्णायक असतात. 29 मे 2018 रोजी मेरीलँड विद्यापीठाचा 19 वर्षांचा जॉर्डन मॅक्नेअर सरावात उष्माघाताने कोसळला आणि 13 जूनला गेला. त्याला थंड पाण्यात बुडवण्याचा उपचार वेळेवर झाला नव्हता. विद्यापीठाने ऑगस्टमध्ये नैतिक आणि कायदेशीर जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. त्याआधी 2001 साली मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा कोरी स्ट्रिंगर असाच गेला. त्याच्या नावाची संस्था आज कनेक्टिकट विद्यापीठात याच विषयावर काम करते. तिथले आणि या क्षेत्रातले सर्व तज्ज्ञ एकच क्रम सांगतात: आधी गार करा, मग रुग्णालयात न्या.

बर्फातला सामना 50,000 लोक बघतात आणि पाऊणशे वर्षे सांगतात. ऑगस्टमधला सराव बघायला कोणी नसते. ज्यांची मुले अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांत हा खेळ खेळतात, किंवा खेळू म्हणतात, त्या मराठी आईवडिलांना माझी विनंती आहे: नोव्हेंबरातल्या बर्फाची काळजी प्रशिक्षकांवर सोडा. पण जुलै संपण्यापूर्वी मैदानावर जाऊन तीन प्रश्न विचारा. बर्फाच्या पाण्याने भरलेला टब सरावाच्या जागी असतो का? पहिल्या दिवसांत पूर्ण पोशाख न घालता सराव हळूहळू वाढवतात का? आणि सराव थांबवण्याचा शेवटचा शब्द प्रशिक्षकाचा असतो, की वैद्यकीय माणसाचा? उत्तरे मिळेपर्यंत मुलाला मैदानात उतरवू नका.